वाऱ्यावर सोडा, प्लीज!

मराठीत वाऱ्याची इमेज जरा खराबच आहे. कुणाला ऐनवेळी टाकून दिलं, की ‘वाऱ्यावर सोडलं’. पोरगं ऐकेनासं झालं, की ‘कानात वारं शिरलं’. जास्तच उधळलं, तर ‘वारं प्यायलंय’. आणि इकडे जगभर माणसं खिशातले पैसे मोजून, हेल्मेट घालून, रांग लावून वाऱ्यावर सुटतायत! या प्रकाराचं नाव इनडोअर स्कायडायव्हिंग. ना विमान, ना पॅराशूट. एक काचेची उभी नळी, खालून वर सुसाट वारा आणि मधोमध तरंगणारे तुम्ही.

आता तुम्ही म्हणाल, मग दुबई-सिंगापूरचं सांग की, येरमाळा मधेच कुठून आलं? सांगते. उडाले मी हैदराबादला, पण हा खेळ डोक्यात शिरला तो येरमाळ्यात, मामाच्या खळ्यावर.

येडाईच्या डोंगरावर

येरमाळा म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, कळंब तालुक्यातलं गाव. सोलापूर-धुळे हायवेवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत. बहुतेकांना ते माहीत असतं येडेश्वरीमुळे. तुळजाभवानीची ही धाकटी बहीण मानतात. चैत्र पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईत येते आणि लाखो माणसं रानातली चुनखडी वेचतात. त्या गर्दीत एकदा तरी जायलाच हवं. पण मला विचाराल, तर जा आषाढात. गर्दी कमी, डोंगर नुकता हिरवा झालेला आणि वारा... सॉलिड! देवळाच्या पायऱ्यांवर ओढणी सांभाळायला दोन्ही हात लागतात. इथे कुणाच्या अंगात देवी आली तरी त्याला ‘वारं आलं’ असंच म्हणतात. या गावाचं वाऱ्याशी जुनं नातं आहे.

नवं नातंही आहे. गेल्या काही वर्षांत बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. हायवेवरून जाताना त्यांची पाती संथ फिरताना दिसतात. आपण शहरवाले गाडी थांबवून फोटो काढतो. मामा मात्र त्यांच्याकडे बघून जुन्या उफणणीच्या गोष्टी काढतो.

खळ्यावरचं फिजिक्स

‘उफणणी’ माहितीये ना? ज्वारी मळून झाली की दाणा आणि भूस एकत्रच असतं. मग तिवढ्यावर उभं राहायचं, पाटी डोक्याच्या वर धरायची आणि हळूहळू खाली ओतायचं. वाऱ्याने भूस लांब उडून जातं, दाणा पायाशी पडतो. मामा म्हणतो, “आगं, वारं पडलं की समदं थांबायचं बघ. वारं सुटंस्तवर नुसतं बसून ऱ्हायाचं.” आता मळणीयंत्र आलं, तिवढा अडगळीत गेला.

इनडोअर स्कायडायव्हिंगचं अख्खं शास्त्र या उफणणीत आहे. दाणा का पडतो? वजनाच्या मानाने त्याचं वाऱ्याला लागणारं अंग कमी असतं. भूस का उडतं? वजन नगण्य, अंग पसरट. विमानातून उडी मारलेला माणूस पोटावर आडवा, हातपाय पसरून पडत असेल, तर त्याचा वेग ताशी साधारण २०० किलोमीटरला पोचतो आणि तिथेच स्थिरावतो. वजनाची खालची ओढ आणि हवेचा वरचा रेटा सारखे होतात. मग उलटं करा. माणूस जागेवर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने हवा खालून वर सोडा. झालं, माणूस तरंगला! त्यासाठी प्रचंड पंखे हवा फिरवतात आणि ती अरुंद नळीतून नेतात. जागा अरुंद झाली की हवा वेग घेते. खाली मजबूत जाळी असते, पडलात तर तिच्यावर.

गंमत अशी, की ज्वारीचा दाणा बिचारा आपला आकार बदलू शकत नाही. माणूस बदलू शकतो. हातपाय पसरले की तुम्ही भूस, वर जाता. अंग आखडलं की तुम्ही ज्वारी, खाली येता. पाय थोडे सरळ केले की पुढे सरकता. खेळ सुरू होतो तो इथून.

आणि हो, हा खेळ आहे, नुसता टाइमपास नाही. सुरुवात अमेरिकेत, १९६४ मध्ये ओहायोच्या राइट-पॅटरसन हवाई तळावर, जिथे उभ्या बोगद्यात पहिल्यांदा माणूस उडाला. २००६ च्या ट्युरिन विंटर ऑलिंपिकच्या समारोपात उघड्यावर वारा सोडून माणसं तरंगवली, तेव्हा टीव्हीवर जगाने हे पाहिलं. २०१४ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला पहिला वर्ल्ड कप झाला आणि २०१५ मध्ये प्रागला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप. चौघांची टीम हवेत एकमेकांना पकडत ठरलेल्या आकृत्या करते, ३५ सेकंदांत जितक्या जमतील तितक्या. फ्रीस्टाइलवाले तर डोकं खाली, पाय वर करून नाचतात.

चला, हैदराबाद!

आपल्याकडे हे कुठे? हैदराबादला, गंडीपेठच्या बाजूला, ग्रॅव्हिटीझिप नावाचा टनेल आहे. येरमाळ्याला हैदराबाद परकं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. आमच्या आजोबांच्या पिढीला कोर्टकचेरीसाठी हैदराबाद आठवायचं, मुंबई नाही. त्यांची नात तिथे उडायला निघाली, एवढाच काय तो बदल.

नात म्हणजे माझी मामेबहीण. वय एकोणीस, पोलीस भरतीची तयारी चालू. रोज पहाटे ग्राउंडवर ८०० मीटर धावते, गोळा फेकते. मामी म्हणाली, “उडायला हैदराबादला कशाला जायचं गं? हितं काय वारं कमी हाय?” मुद्दा बिनतोड होता. तरी आम्ही निघालो.

टनेलमध्ये आवाज इतका, की बोलणं अशक्य, कानात बोळे. म्हणून आधी हातवारे शिकवतात. दोन बोटं सरळ, म्हणजे पाय सरळ करा. दोन बोटं वाकवली, म्हणजे गुडघे वाकवा. अंगठा आणि करंगळी हलवली, म्हणजे रिलॅक्स! मला ती अंगठा-करंगळी सारखी दिसत होती. ऑफिसात दिवसभर खांदे आखडून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ‘सैल सोडा’ हे सगळ्यात अवघड जातं. वाऱ्याशी भांडलात, की तो तुम्हाला भिंतीवर नेऊन टेकवतो. श्वास सोडलात, हनुवटी वर केलीत, की तोच तुम्हाला उचलून धरतो. माझ्या दुसऱ्या मिनिटातले शेवटचे दहा सेकंद तसे होते. त्या दहा सेकंदांत एकही ई-मेल आठवला नाही.

मामेबहीण मात्र आत गेली आणि स्थिर झाली. अगदी पाण्यावर पालथं पान पडावं तशी. इन्स्ट्रक्टरने हात सोडला, तिला वर नेलं, खाली आणलं, तिची मान ढळली नाही. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, आधी कुठे केलंय का? ती लाजून हसली. मग हळूच मला म्हणाली, “ताई, दोन मिन्टाला एवढे पैसे?” आणि तिने तिकिटाचा हिशेब ज्वारीच्या पोत्यांत केला.

तो हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. येरमाळ्याच्या माथ्यावर वाऱ्याची वीज होते. टनेलमध्ये विजेचा वारा होतो आणि तो मिनिटाच्या भावाने विकला जातो. या खेळात पुढे जायचं, तर अशी मिनिटं तासांनी विकत घ्यावी लागतात. अंगात खेळ असलेली पोर वाऱ्याच्या गावात राहते आणि वारा मात्र तिला परवडत नाही.

असं नाही, की आपल्याकडे वाट कुणी पाडलीच नाही. पुण्याच्या शीतल महाजनने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली, ती तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी! २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये तिने थायलंडच्या आकाशात नऊवारी नेसून उडी घेतली आणि २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. तो व्हिडिओ मामेबहिणीने एसटीत चार वेळा पाहिला. पाचव्यांदा मोबाइलची बॅटरी गेली. मग म्हणाली, “भरती झाले ना, की पहिल्या पगारात दहा मिन्टं. माझ्या पैशानं.” आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राउंड होतं.

वीकेंड प्लॅन

कसं जाल? पुण्याहून बार्शीमार्गे येरमाळा. रेल्वेने बार्शी टाऊन किंवा धाराशिव, पुढे एसटी. हैदराबादसाठी सोलापूर गाठा, तिथून साधारण ३०० किलोमीटर.

काय पाहाल? येडेश्वरीचं देऊळ, येडशीचं रामलिंग अभयारण्य. हायवेवर फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेलं तेरखेडा. येताना कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे मस्ट!

उडायचंय? बुकिंग आधी करा, दर आणि वजनाची अट विचारून घ्या. खांदा कधी निखळला असेल, तर आधी डॉक्टर. भरपेट जेवून जाऊ नका. आणि इन्स्ट्रक्टरने अंगठा-करंगळी हलवली, की मुकाट सैल सोडा. वारा बघून घेतो.