जायफळ आणि हप्ता

काल श्रीखंडासाठी सहाणेवर जायफळ उगाळत होते. उगाळता उगाळता ग्रेनाडा आठवला. तुम्ही म्हणाल, हे काय मधेच? तर हा वेस्ट इंडिजमधला छोटासा देश, वस्ती लाख-सव्वा लाख. जायफळासाठी इतका प्रसिद्ध की त्याच्या झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे. भूगोलाच्या तासाला हे सांगितले की मुलांना फार गंमत वाटायची.

7 सप्टेंबर 2004 रोजी तिथे 'आयव्हन' चक्रीवादळ आले. दहातल्या नऊ घरांची पडझड झाली आणि जायफळाची बहुतेक झाडे आडवी झाली. नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट! जायफळाचे रोप लावले तर फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. सावकार तेवढा थोडाच थांबतो? घरे उभी करायला पैसा हवा आणि जुन्या कर्जाचे हप्ते चालूच. 2005 मध्ये देणेकऱ्यांशी पुन्हा बोलणी करावी लागली आणि 2013 मध्ये हप्ते परत थकले.

"ऋण काढायचेच कशाला?" असे मी पूर्वी सहज म्हटले असते. तसे मी म्हटलेही आहे, आणि तेही घरातल्याच माणसाला.

3 जून 2020 च्या 'निसर्ग' वादळात श्रीवर्धनजवळची माझ्या धाकट्या भावाची पोफळीची वाडी भुईसपाट झाली. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. "ताई, हप्ता थकलाय गं. थोडे दिवस थांबा म्हटलं तर कोणी ऐकत नाही." मी बाईंच्या सुरात म्हणाले, "घेतलंय ते फेडायलाच हवं. बाबांनी कधी कुणाचं ठेवलं नाही." त्यानंतर त्याने पैशाचा विषय काढला नाही. भावजयीच्या हातात पाटल्या दिसेनात, तेव्हा मला काय ते कळले.

ग्रेनाडाने मात्र 2015 मध्ये नव्या करारात एक अट घालून घेतली. मोठे वादळ आले तर हप्ते काही महिने पुढे ढकलायचे. 1 जुलै 2024 रोजी 'बेरिल' वादळ त्यांच्या कॅरियाकू बेटावर आदळले आणि ती अट खरोखरच वापरली गेली. कर्ज माफ झाले नाही, ढकललेली रक्कम पुढच्या हिशेबात धरली गेली. पण हातातला पैसा आधी छपरांकडे वळवता आला.

बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली 2022 पासून जगापुढे हेच मांडत आल्या आहेत. कर्ज परवडणाऱ्या व्याजाने द्या आणि संकटात हप्ता थांबेल अशी सोय करा. माणशी उत्पन्न बरे दिसते म्हणून त्यांच्या देशाला जागतिक बँकेचे सर्वांत स्वस्त कर्ज मिळत नाही. वादळ काही उत्पन्नाचा दाखला बघून येत नाही! शिवाय ज्या धुराने समुद्र तापतो आहे, त्यात या बेटांचा वाटा नगण्य.

घेतलेले फेडावे, हे मी आजही म्हणेन. पण फेडणारा आधी उभा तर राहायला हवा. एवढी साधी गोष्ट मला सत्तरी ओलांडल्यावर एका परक्या बेटाकडून शिकावी लागली.

असो. भावाच्या नव्या पोफळींना अजून सुपारी धरायची आहे. येत्या रविवारी श्रीखंडाचा डबा घेऊन त्याच्याकडे जाईन म्हणते. ते एक वाक्य मला परत घ्यायचे आहे.