जाहीर नोटिशीतला मळा

गावात लग्न असले की आमच्या घरची माणसे मांडवात एका बाजूला बसत आणि धाकट्या आजोबांच्या घरची दुसऱ्या बाजूला. असे का, हे मी आजीला विचारले तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. आजी म्हणाली, "त्येंनी मळा इकला." एवढेच. मोठेपणी बाकीचे थोडे थोडे कळत गेले. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत कामाला होता. त्याने परस्पर विहिरीचा मळा विकला, पैसा मुंबईत उडवला आणि आम्हाला माळावरच्या कोरडवाहू जमिनीवर आणून बसवले, अशी ती हकिगत. दोन्ही घरे एकाच आळीत, मध्ये फक्त एक कूड. पण नव्वद वर्षे या घरचे ताट त्या घरी गेले नाही.

ही हकिगत खोटी निघाली. ती खोटी आहे हे मला एका जुन्या वर्तमानपत्राने सांगितले. ते कसे घडले, आणि तुम्हालाही आपल्या घराचा मागचा माग असा काढता येईल का, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात पाणलोटाच्या कामाची बैठक चालली होती. एक म्हातारबाबा म्हणाले, "आमच्या बापाच्या वक्ताला पाऊस लई व्हायचा." दुसरे म्हणाले, "कशाचा लई? तवाबी दुष्काळच." मला वाटले, याचा एकदा निकाल लावावा. म्हणून रजेच्या दिवशी मी एका जुन्या वाचनालयात गेलो आणि १९३० सालच्या आसपासची जिल्ह्यातली साप्ताहिके मागितली. जुन्या साप्ताहिकांत 'पाऊसपाणी' नावाचे सदर असे. कुठल्या तालुक्यात पेरा झाला, बाजरी कशी आहे, वैरण काय भावाने चालली आहे, हे त्यात दोन-चार ओळींत येई. ते मी वहीत उतरून घेत होतो.

अशी पाने चाळताना १९३२ च्या एका अंकात, मागच्या पानावर, औषधांच्या जाहिरातीखाली आमच्या गावाचे नाव दिसले. कोर्टाची जाहीर नोटीस होती. पुढे वाचले आणि हात थांबला. प्रतिवादी नंबर एक माझे आजोबा. नंबर दोन त्यांचा धाकटा भाऊ, हल्ली राहणार मुंबई. नंबर तीन त्यांची आई, म्हणजे माझी पणजी. घरात सगळे तिला 'थोरली आई' म्हणत, तिचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचले.

नोटिशीत सर्व्हे नंबर होता, एकर-गुंठे होते, सरकारी आकार होता आणि चारी बाजूंच्या चतुःसीमा होत्या. पूर्वेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. तो विहिरीचा मळाच होता, यात शंका राहिली नाही. शके १८५० साली लिहून दिलेल्या गहाणखताच्या कर्जापोटी तो लिलावाने विकला जाणार होता. गहाणखत लिहून दिले होते प्रतिवादी नंबर एकने, एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून.

म्हणजे मळा धाकट्याने विकला नव्हता. थोरल्याने, माझ्या आजोबांनी, गहाण टाकला होता.

पावसाचे आकडे बाजूला ठेवून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आजोबांना मी पाहिलेले नाही, पण त्यांचा फोटो आमच्या माजघरात आहे. घरात काही अवघड प्रसंग आला की वडील त्या फोटोकडे बघत.

पण आम्ही शेतीखात्यातली माणसे. एका वाफ्यावरून खताचा निष्कर्ष काढायचा नाही, हे कॉलेजातच शिकलेलो. नोटीस सांगते की लिलाव ठरला होता. तो झाला की नाही, ते नोटीस सांगत नाही. पैसे भरून मळा सोडवला असेल आणि नंतर धाकट्याने विकला असेल, असेही होऊ शकते. म्हणून तहसील कचेरीत अर्ज करून जुन्या फेरफार नोंदीची नक्कल काढली. नोंद मोडीत होती. एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून दिली. मळा कोर्ट लिलावातच गेला होता.

मग मी मळ्यात गेलो. आता तो ज्यांचा आहे, त्यांनी तो पुढे रीतसर घेतलेला आहे. त्यांनीच मला विहिरीवर नेले. थारोळ्याच्या बाजूच्या चिऱ्यावर साल कोरलेले आहे : शके १८५०. गहाणखताचे आणि विहिरीचे साल एकच. आजोबांनी कर्ज काढले ते विहीर बांधायला. नाच-तमाशाला नव्हे आणि दारूलाही नव्हे.

शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८. त्या वर्षी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तो चालला. धाकट्या आजोबांकडून येणारी मनिऑर्डर त्या सहा महिन्यांत कुठून येणार? पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, जगभर मंदी आली आणि दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. विहिरीच्या भरवशावर केलेल्या उसाचा गूळ कर्ज फेडील, असा आजोबांचा हिशेब असणार. आजही विहिरीसाठी कर्ज काढणारा शेतकरी हाच हिशेब मला कागदावर मांडून दाखवतो. हिशेब चुकीचा नसतो. भाव चुकतो.

कायद्याचीही एक बाजू आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. सातारा जिल्हाही त्यात होता. त्या कायद्याने, खास गहाण दिलेली नसेल ती जमीन साध्या कर्जासाठी विकता येत नसे. आमचा मळा गहाण दिलेला होता, म्हणून तो गेला. कर्जनिवारणाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो १९३९ साली. आमच्या मळ्याला तो सात वर्षे उशिरा आला.

आता तुम्हाला असा शोध घ्यायचा असेल, तर काय करावे ते सांगतो.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसापासून करा. त्यांना साल विचारू नका, खूण विचारा. "बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? कोयनेच्या भूकंपाला तुम्ही केवढ्या होता?" असे विचारले की नेमके उत्तर येते. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पानशेत फुटले ते १२ जुलै १९६१ ला. अशा खुणांवरून वर्ष ठरते. वर्ष ठरल्याशिवाय वाचनालयात जाऊ नका, नाहीतर गवताच्या गंजीत सुई शोधत बसाल.

जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन येते. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तारीख असेल तर कधी ७९ मिळवावे लागतात. पैसे रुपये-आणे-पैमध्ये असतील. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले. १९६२ पूर्वीच्या लेखनात आज आपण देत नाही असे पुष्कळ अनुस्वार दिसतील. त्याने गडबडून जाऊ नका, मोठ्याने वाचले की अर्थ लागतो.

मराठी वर्तमानपत्रांची परंपरा मोठी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे, नगरचा 'ज्ञानोदय' १८४२ चा, पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' १८४९ चा, 'दीनबंधु' १८७७ चे, 'केसरी' १८८१ चा आणि बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' १९२० चा. पण आपल्यासारख्या शेतकऱ्याच्या घराचा उल्लेख मोठ्या पत्रात क्वचित सापडतो. तो जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या लहान साप्ताहिकात असतो. म्हणून आधी आपल्या जिल्ह्यातून त्या काळी कोणती पत्रे निघत, ते ग्रंथपालांना विचारा. रत्नागिरी, नाशिक, पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथील जुनी सार्वजनिक वाचनालये दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. काही ठिकाणी जुने अंक संगणकावरही घेतले आहेत.

पहिल्या पानावर वेळ घालवू नका. तिथे राजे-रजवाडे आणि पुढारी असतात. आपली माणसे मागच्या पानांवर असतात : कोर्टाच्या नोटिशीत, शाळेच्या निकालात, देवळाच्या देणगीदारांच्या यादीत, बैलांच्या प्रदर्शनाच्या बक्षिसांत, प्लेगच्या आणि पुराच्या बातमीत. बायकांची नावे फार थोडी सापडतील. माझी पणजी सापडली ती कर्जाच्या दाव्यात प्रतिवादी होती म्हणून. एरवी तिचे नाव छापायचे कारण कुणालाही पडले नसते.

जुना कागद वाळलेल्या पानासारखा असतो. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. पेन जवळ ठेवू नका, पेन्सिल ठेवा. परवानगी असेल तरच मोबाइलवर फोटो घ्या आणि पत्राचे नाव, तारीख, पान लगेच वहीत लिहा. घरी आल्यावर आठवत नाही. सापडलेली गोष्ट फेरफार, शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद अशा दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा. आणि दुसऱ्याच्या घरची काही भानगड दिसली तर ती तिथेच मिटा, पारावर आणू नका.

मी हे सगळे आईला सांगितले. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. ती सून म्हणून या घरात आली तेव्हापासून तीच हकिगत ऐकत आलेली. ती म्हणाली, "गेलेल्या माणसाला कशाला उणं आणतोस? ज्याला त्याला ठावं हाय ते ऱ्हाऊ दे." मी म्हटले, "आई, ठावं हाय ते खोटं हाय." ती काही बोलली नाही. मला दोन रात्री झोप लागली नाही. आजोबा काही लबाड नव्हते. पण भावावर आळ आला तेव्हा ते गप्प बसले, एवढे खरे. आता कळूनही मी गप्प बसलो, तर आजोबांच्यात आणि माझ्यात फरक काय?

धाकट्या आजोबांचे चिरंजीव, आमचे आबा, नव्वदीला आले आहेत. तिसऱ्या दिवशी मी कुडापलीकडे गेलो. आबा ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय सायेब, योजना घेऊन आलाय जणू?"

"योजना नाही आबा. एक कागद आहे."

मी नोटीस वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. फेरफार वाचला. चिऱ्यावरच्या सालाचेही सांगितले. मग म्हणालो, "चूक आमच्या घरची. तुमच्या वडिलांवर उगाच आळ आला."

आबा बराच वेळ समोरच्या लिंबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा बाप मेला तवा तुमच्यातलं कुणी खांद्याला आलं न्हवतं." एवढेच बोलले आणि आत गेले. मी कागदांच्या प्रती ओट्यावर ठेवून परतलो. वाटले, करून बसलो ते बरे केले की वाईट?

आठ दिवसांनी त्यांचा नातू सायकलवर आला. म्हणाला, "आबांनी ती नोटीस मोठ्या अक्षरांत काढून मागितलीया. भिंतीला लावायची म्हंत्यात." मी काढून दिली. त्यांच्या माजघरात धाकट्या आजोबांच्या फोटोशेजारी ती आता काचेत लावलेली आहे.

त्या वर्षी भाद्रपदात पितरांच्या जेवणाला आईने स्वतः कुडापलीकडे निरोप पाठवला. आबा आले नाहीत. नातवाला मात्र पाठवले. तो पानावर बसला, खीर-वडे जेवला आणि जाताना आईने दिलेले झाकलेले ताट घेऊन गेला. आम्ही त्या दिवशी पितरांच्या नावांत दोन नावे वाढवली : एक धाकट्या आजोबांचे आणि एक थोरल्या आईचे, नोटिशीत छापले होते तसे, पूर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट घासून परत आले. त्यात ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा होत्या.