पावसांतील बोलोन्या

परदेशच्या प्रवासांत पाऊस लागला म्हणजे त्या दिवसाचें पाहणें बुडालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इटलींतील बोलोन्या हें नगर तीस अपवाद होय. मिलान येथें मुलाकडे मुक्काम असतां आम्ही उभयतां नोव्हेंबरांतील एका सकाळीं आगगाडीनें तेथें गेलों. प्रवास तासाभराचा; परंतु स्टेशनाबाहेर पाऊल टाकतों तों आषाढांतल्यासारखी झड लागलेली. दोघांत मिळून छत्री एक. तीही दिवसभरांत उघडावी लागली ती रस्ते ओलांडण्यापुरतीच.

याचें कारण त्या गांवचीं घरें. बहुतेक घरांचा तळमजला रस्त्यापासून आंत सरलेला व वरचे मजले खांबांवर आणि कमानींवर पुढें आलेले असतात. त्यांखालून फरसबंद वाट जाते. एका घराची वाट सरते तेथें शेजारच्याची लागते. जुन्या गांवांतच अशा ओसऱ्यांची लांबी सुमारें ३८ किलोमीटर आहे, आणि वेशीबाहेरच्या जमेस धरिल्या तर ती ६२ किलोमीटर भरते. युनेस्कोनें २०२१ सालीं त्यांतील निवडक भागांस जागतिक वारशाचा मान दिला.

या ओसऱ्यांचा उगम मात्र सौंदर्यदृष्टींत नसून अडचणींत आहे. बोलोन्याचें विद्यापीठ युरोपांतील सर्वांत जुनें. त्याची स्थापना परंपरेनें १०८८ सालची मानतात. विद्यार्थी लोटले, वस्ती वाढली, जागा पुरेना. तेव्हां लोकांनीं माडीवरच्या खोल्या रस्त्यावर पुढें काढल्या, आणि त्या खचूं नयेत म्हणून खालीं लांकडी खांब दिले. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर उघड अतिक्रमण! एखाद्या नगरानें तीं बांधकामें पाडविलीं असतीं. बोलोन्याच्या कारभाऱ्यांनीं १२८८ सालीं निराळाच कायदा केला. नवें घर बांधणारानें अशी ओसरी काढलीच पाहिजे. तिची डागडुजी मालकानें स्वखर्चानें करावी. परंतु तिच्याखालून जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा. जागा खाजगी, वापर सार्वजनिक. शाळेंत नागरिकशास्त्र शिकवितांना हक्क आणि कर्तव्य यांवर मीं पुष्कळ खडू झिजविला आहे. हा एक कायदा सांगितला असता तर बराच खडू वांचता. आमच्याकडेही पेठांतून घरापुढें ओटे असत. वाटसरू तेथें टेंकत असे, सर आली म्हणजे शाळेचीं पोरें आडोशास उभीं राहत. ते ओटे आतां बहुतेक दुकानांच्या पोटांत गेले. बोलोन्यांत तसें झालें नाहीं, कारण तेथें ही गोष्ट घरधन्याच्या चांगुलपणावर न सोडतां लिहून ठेविली होती.

स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर इझोलानी घराण्याचें तेराव्या शतकांतील घर आहे. त्याचे सुमारें नऊ मीटर उंचीचे ओकाचे खांब अद्यापि उभे आहेत. १५६८ सालीं लांकडी खांब काढून विटांचे अगर दगडी घालावे, असा हुकूम निघाला. त्यांतून जे थोडे वांचले, त्यांपैकीं हे. सौभाग्यवतीनें खांबावर हात फिरविला आणि "माहेरच्या वाड्याची आठवण झाली" एवढेंच म्हणाली.

मला ओढ होती ती सान पेत्रोनिओच्या मंदिराची. तेथील फरशींत जोव्हानी कासिनी या ज्योतिर्विदानें १६५५ सालीं आंखलेली मध्यान्हरेषा आहे. लांबी सुमारें ६७ मीटर. छताला सुमारें २७ मीटर उंचीवर एक लहान छिद्र ठेविलें आहे. त्यांतून पडणारा सूर्याचा कवडसा रोज मध्यान्हीं ही रेषा ओलांडतो. उन्हाळ्यांत छिद्राच्या जवळ, हिंवाळ्यांत दूरच्या टोंकाशीं. आपल्याकडील शंकुच्छायेचेंच तत्त्व, पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर कीं उत्तरायण-दक्षिणायन पायाखालीं दिसावें! ज्या तेराव्या ग्रेगरी पोपनें १५८२ सालीं इंग्रजी म्हणून आपण वापरतों तें पंचांग सुधारलें, तोही मूळचा याच गांवचा. हें सर्व मीं सौ.ला समजावून सांगितलें. बारा वाजले, वर पाहिलें. ढग जसेच्या तसे.

"तुमच्या सूर्याला आज सुटी दिसते," ती म्हणाली. "मग माझ्या देवीकडे चला."

तिची देवी म्हणजे गांवाच्या नैर्ऋत्येस टेंकडीवर असलेली सान लूकाची मरियम. १४३३ सालीं पाऊस थांबेना, पिकें कुजूं लागलीं. तेव्हां लोकांनीं वरचें चित्र मिरवणुकीनें खालीं आणिलें आणि पाऊस उघडला, अशी श्रद्धा आहे. तेव्हांपासून ती दरवर्षीं गांवांत येते. येण्याच्या वाटेवर चिखल आणि पाऊस. म्हणून १६७४ सालीं लोकांनीं सबंध वाटेवर छप्पर घालण्यास आरंभ केला. राजाचा खजिना यामागें नव्हता. घराण्यांनीं, धंदेवाल्यांच्या संघांनीं आणि सामान्य लोकांनीं वर्गणी दिली. १६७७ च्या ऑक्टोबरांत तर माणसांची रांग करून बांधकामाचें सामान हातोहात वर पोंचविलें. अशा ६६६ कमानी, लांबी सुमारें पावणेचार किलोमीटर.

मी कांकूं करीत होतों. गुडघ्यांमुळें दोन वर्षें तिचा सप्तशृंगीचा गड सुटला होता. तेथें आतां रुळांवरची गाडी वर नेते. पण पाय न झिजवितां दर्शन तिला पटत नाहीं, आणि पायऱ्या झेंपत नाहींत, म्हणून जाणेंच राहिलें. बोलोन्यांतही चौकांतून प्रवाशांची लहान गाडी वर जाते. मीं ती सुचविली.

"अहो, डोक्यावर छप्पर आहे, बसायला कठडा आहे, मागें कोणी लागलेलें नाहीं. गाडी कशाला?"

सारागोझ्झाच्या वेशीपासून पहिला सुमारें दीड किलोमीटर सपाट. मेलोन्चेल्लोच्या कमानीपासून खरा चढ. कोठें उतरण घेणारी फरशी, कोठें पायऱ्या. बाहेर पावसाचा पडदा आणि आंत कोरडी वाट. ती वीस-पंचवीस कमानी चढे व खांबांमधील बुटक्या भिंतीवर बसे. तरुण पोरें धापा टाकीत धांवत जात होतीं. मागून एक वृद्ध इटालियन बाई जपमाळ ओढीत आली. एकमेकींचा एक शब्दही समजत नव्हता, बाईनें सौ.च्या गुडघ्याकडे बोट केलें, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, दोघी हंसल्या. तेथून पुढें त्या एकत्र चालल्या, आणि बसल्याही एकत्रच. मी चार पावलें मागें राहिलों. छत्री माझ्या हातांत, मिटलेली.

वर पोंचावयास पावणेदोन तास लागले. दरींत धुकें भरलें होतें. नगराचा मागमूसही नव्हता. मंदिरांत वेदीवरील चित्र चांदीच्या पत्र्यानें मढविलें आहे, मुखें तेवढीं उघडीं. आमच्याकडच्या मुखवट्यांची संवय असलेल्या डोळ्यांस तें परकें वाटलें नाहीं. सौ. बराच वेळ हात जोडून उभी होती. काय मागितलें, हें मीं विचारलें नाहीं. बाहेर आल्यावर म्हणाली, "सावळी आहे हो."

उतरण्यास तासाहून अधिक वेळ लागला. गुडघ्यांस चढापेक्षां उतारच जड जातो.