प्रकाशाने नेलेली ऊब

जबलपूरच्या मे महिन्यात ऊन आणि ताप वेगळे काढता येत नाहीत. सकाळी दहालाच गोलबाजारातला रस्ता डोळ्यांवर येतो, पारा 43-44 च्या घरात जातो आणि वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारून दुपार कशीबशी ढकलावी लागते. अशा गावात वाढलेल्या माणसाला प्रकाश वस्तूला थंड करतो हे पटणं अवघड. मला ते पटलं, आणि तेव्हापासून त्याची ओढ काही सुटलेली नाही.

ताप म्हणजे कणांची धावपळ. रुबिडियमचा अणू आपल्या घरातल्या तापमानाला सेकंदाला तीनशेएक मीटर वेगानं धावतो. त्याला हवा असतो त्याहून किंचित लालसर लेसर समोरून सोडायचा. प्रकाशाच्या रोखानं येणाऱ्या अणूला डॉप्लर परिणामामुळे तो रंग बरोबर जुळलेला दिसतो. अणू प्रकाशकण गिळतो, मागे रेटला जातो आणि मग वाटेल त्या दिशेला प्रकाश सोडून देतो. असे हजारो रेटे बसले की वेग ओसरतो. ही युक्ती हेन्श आणि शॉलो यांनी 1975 साली सुचवली, आणि तिचा पुढचा विस्तार करणाऱ्या चू, कोहेन-तनुजी आणि फिलिप्स यांना 1997 चं नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याच्या आयसरमध्ये आणि आमच्याच प्रदेशात, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात अशा थंड अणूंवर काम होत आलं आहे.

रेणू मात्र इतका सरळ नाही. तो कंप पावतो, गिरक्या घेतो. प्रकाश सोडून खाली येताना तो कंपनाच्या भलत्याच पायरीवर थांबतो आणि तिथे त्या लेसरला तो दिसतच नाही. येल विद्यापीठात डेव्हिड डीमिल यांच्या गटानं 2010 साली, वाट चुकलेल्या रेणूंना परत आणणारे जास्तीचे लेसर लावून, स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइड थंड करून दाखवलं.

मला जास्त भावते ती दुसरी वाट: आधी अणू निववायचे, मग त्यांची जोडी जमवायची. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटानं 2008 साली पोटॅशियम आणि रुबिडियमचे अणू चुंबकीय क्षेत्रात अगदी सैल बांधले आणि दोन लेसरांच्या आधारानं त्या सैल जोडीला थेट तळाच्या अवस्थेत उतरवलं. घट्ट बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते. इथे ती जवळजवळ सहा हजार अंशांच्या तापाइतकी होती. ती तिथेच राहिली असती तर सगळं उधळलं असतं. पण तिचा सारा भार दोन रंगांमधल्या फरकानं उचलला आणि प्रकाश तो घेऊन निघून गेला. मागे राहिलेल्या रेणूंचं तापमान होतं निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनचा साडेतीन दशलक्षांशही नाही, त्याचा दहावा भाग: 350 नॅनोकेल्विन. वेग सेकंदाला एक सेंटिमीटरहून कमी. एका रंगानं आत शिरून दुसऱ्या रंगानं बाहेर पडायचं आणि फरकाचा हिशेब रेणूशी करायचा, ही प्रकाशाची रीत रामन यांनी 1928 साली कोलकात्यात ओळखली होती. ती इथे ऊब उचलून नेण्याच्या कामी आली, याचं मला अपार कौतुक वाटतं.

भेडाघाटला धुआंधारशी नर्मदा अशी कोसळते की पाण्याचं वळण दिसतच नाही, नुसते तुषार. थोडं खाली, संगमरवरी कड्यांमध्ये, तीच नदी संथ होते आणि मग प्रवाहातली एकेक वळवळ नजरेला सापडते. रसायनशास्त्राचं तसंच काही झालं. इतक्या थंडीत रेणू गप्प बसतील असं कुणालाही वाटावं. पण 2010 मध्ये बोल्डरच्या याच गटाला दिसलं की ते भेटतात आणि जोड्या बदलतात: पोटॅशियम पोटॅशियमपाशी, रुबिडियम रुबिडियमपाशी. सगळे रेणू हुबेहूब एकाच अवस्थेत असतील तर क्वांटम नियम त्यांना एकमेकांजवळ येऊ देत नाही आणि अभिक्रिया रेंगाळते. त्यांतल्या काहींच्या अणुगर्भांचा स्पिन तेवढा वेगळा केला की तीच अभिक्रिया दहा ते शंभर पट वेगानं होते. एवढ्याशा फरकाचा एवढा परिणाम, आणि धावपळीत तो कधीच दिसला नसता.

डेबोरा जिन 2016 साली गेल्या, अवघ्या 47 व्या वर्षी. 2008 च्या त्या प्रयोगात विद्यार्थिनी असलेल्या कांग-क्वेन नी यांनी पुढे हार्वर्डमध्ये रेणूंची ही भेट अर्ध्यावर गाठली. दोन रेणू एकत्र आले आहेत, जुने बंध पुरते सुटलेले नाहीत, नवे जुळलेले नाहीत, असा चार अणूंचा मधला गुंता त्यांच्या गटाला 2019 मध्ये प्रत्यक्ष सापडला. एरवी तो सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात विरतो; या थंडीत तो पकडण्याइतका टिकला. त्याची ओळख पटवली तीही लेसरनंच: अतिनील प्रकाशाच्या झोतानं त्याचे आयन केले आणि त्यांच्या वजनावरून आत कोण कोण आहे ते वाचलं.