वाजवा म्हणायचं कुणी

बँड रस्त्यावर आला की लोक आधी टोपी बघतात. ज्याच्या टोपीला तुरा मोठा आणि खांद्यावर सोनेरी झालर जास्त, तोच बँडाचा साहेब, असा सगळ्यांचा समज. आमच्याकडचा सगळ्यात झगझगीत कोट युफोनियमवाल्या चाचांकडे असतो, कारण तो दुसऱ्या कुणाच्या पोटावर बसत नाही. त्यामुळे वऱ्हाडातली माणसं बोलायला त्यांच्याकडे जातात. चाचा मान डोलावतात, ऐकून घेतात आणि काहीच करत नाहीत. करण्याचा अधिकार त्यांना नाही.

मग तो आहे कुणाला? या गोष्टीवर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसतील.

आम्ही चौदाजण. मिरजेहून पंढरपूरकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव आमचं. आठजण मुसलमान, चार मातंग, एक होलार आणि झांज वाजवणारा एक गुरव. वाजंत्री हा यांतल्या काहींचा पिढीजात धंदा, तर काहींना पोटानं त्यात ओढलं. आमच्यावर कुणी चार शब्द लिहायचे म्हटले की बिस्मिल्लाखाँसाहेबांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. त्यांचं मोठेपण आम्ही काय सांगावं! त्यांना २००१ साली भारतरत्न मिळालं. आम्हाला नवरदेवाच्या मामाकडून ठरलेली रक्कम पुरी मिळाली तरी आम्ही शुक्र मानतो.

बँडात मालक वेगळा आणि मास्तर वेगळा. वाद्यं, कोट, टेंपो, दिव्यांची गाडी हे सगळं मालकाचं. सुपारी तो घेतो, विसार तो ठेवतो, तारीख त्याच्या वहीत. मास्तराचं असं फक्त एक क्लॅरिनेट, तेही बऱ्याचदा मालकानंच मेरठच्या जली कोठीतून मागवलेलं. पण पहिला सूर निघाल्यापासून शेवटची थाप पडेपर्यंत मालकालाही तोंड उघडायची मुभा नाही. हा कायदा आमच्या पहिल्या मास्तरांनी घालून दिला. ते पलटणीच्या बँडातून निवृत्त होऊन आलेले. मुळात 'बँडमास्तर' हा शब्दही पलटणीतूनच गावात आलेला, आणि त्याच्यासोबत लाल कोट आला, शिस्त आली. मालक एकदा वरातीत पुढं येऊन 'आता ते दुसरं गाणं घ्या' म्हणाले, तर मास्तरांनी क्लॅरिनेट त्यांच्या हातात दिलं आणि बाजूला उभे राहिले. मालकानं ते दोन्ही हातांनी परत केलं. पुन्हा तसं कधी झालं नाही.

गर्दीत शब्द कामाचा नाही, तो ऐकूच येत नाही. मास्तर आमच्याकडं तोंड करून उलटा चालतो. क्लॅरिनेटचं तोंड वर गेलं की ओळ पुन्हा घ्यायची. कोपर अंगाशी आलं की अंतरा. साइड ड्रमवाला मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, त्याची नजर कोपरावर. मास्तर तोंडानं बोलला तर समजावं, काहीतरी बिघडलंय.

सगळ्यात अवघड जागा मंगलाष्टकांची. हल्ली प्रत्येक आत्याला आणि मावशीला स्वतः रचलेलं एक कडवं म्हणायचं असतं. भटजींचं संपलं असं वाटतं, मागून कुणीतरी 'वाजवा रे' ओरडतं आणि तेवढ्यात मावशी कागद उघडते. तिच्या कडव्यावर आमचा ढोल पडला तर ती मावशी आणि तिचं सारं माहेर जन्मभर आमचं नाव काढणार. म्हणून पहिल्या मास्तरांचा नियम असा, की कानावर विश्वास ठेवायचा नाही. मास्तरानं खुर्चीवर चढून अंतरपाटाकडं बघत राहायचं. तो खाली आला की हात खाली. मांडवातले पाचशे लोक 'वाजवा' म्हणोत, खुद्द मालक म्हणोत, पाट धरलेला असेतोवर आम्ही मुके.

ऐकायचं कुणाचं, हेही विसार घेतानाच ठरतं. मुलीकडचा किंवा मुलाकडचा एकच माणूस नेमून घ्यायचा, आणि तो पिणारा नसावा. मग नवरदेवाचे मित्र नोटा नाचवत कितीही येवोत. ओवाळलेल्या नोटा घ्यायच्या, फर्माईश ऐकायची आणि त्या नेमलेल्या माणसाकडं बघायचं.

वाट्यांचं मात्र असं एका माणसावर सोपवलेलं नाही. मालकाचा हिस्सा काढल्यावर जे उरतं त्यात मास्तराचे दोन वाटे, फुंकणाऱ्यांना दीड, कातडं वाजवणाऱ्यांना एक, असा जुना हिशेब होता. ढोलवाला एका सीझनला अडून बसला. म्हणाला, "क्लॅरिनेट बंद पडलं तर नाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. माझा हात थांबला की तो जागेवर उभा राहतो. मग सांगा, वरात कोण चालवतं?" याला कुणाकडंच उत्तर नव्हतं. फुंकणाऱ्यांनी फुप्फुसाचं कारण सांगितलं, त्यानं हातावरचे घट्टे दाखवले. तीन बैठका झाल्या. शेवटी ढोलाला सव्वा ठरला. झांजवाला अजून एकावरच आहे आणि अजून कुरकुरतो. त्याचं म्हणणंही खोटं नाही.

रमजानचा प्रश्न वेगळा. चंद्र एकच, पण पंचांगवाले अधिक महिना घालून लग्नसराई जागेवर ठेवतात, आपलं हिजरी साल तसं करत नाही. म्हणून आमचा रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागं सरकत लग्नांच्या अंगावर येतो. २०१८ साली गंमत झाली. रमजानच्या बरोबरीनं अधिक जेठ आला, लग्नंच नव्हती, आम्ही निवांत रोजे केले. २०१९ ला ती सोय नव्हती. रमजान ७ मेपासून, आणि वैशाखातले मुहूर्त एकावर एक. उन्हात दोन तास फुंकायचं आणि घोटभर पाणी नाही. मालक म्हणाले, आठ माणसं बदली आणतो. तशी माणसं सांगली-कोल्हापुराकडं मिळतात, पण त्यांना आमच्या मास्तरांचं कोपर कळत नाही.

त्यातही क्लॅरिनेटची अडचण जास्त. त्याची रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी. ती ओली केल्याशिवाय बोलत नाही आणि ओली करायची जागा म्हणजे जीभ. मौलानांना विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "रोज्याचं नंतर बघू, आधी धंद्याचं बोलू." धंद्याचं बोलणं आम्ही नवीन ऐकत नव्हतो. वाद्य वाजवून आणलेली कमाई कशी, हे घरातही विचारलं जातं. आमच्या मुलींच्या सोयरिकी त्यावरून अडल्या आहेत. आणि ज्यांनी अडवल्या त्यांच्याच घरी वलीम्याला स्पीकर लावलेले आम्ही पाहिलेत. असो. मौलानांचं ऐकून घेतलं, सलाम करून परत आलो.

मार्ग काढला तो मातंग ट्रंपेटवाल्यानं. त्यानं घरून एक पितळी वाटी आणली, तिच्यात पाणी घेतलं आणि रीडा त्यात भिजत टाकल्या. भिजली की फडक्यानं पुसायची, चढवायची, सुकली की दुसरी. वाटी त्यानं दिव्यांच्या गाडीवर ठेवली आणि महिनाभर तिच्यावर नजर ठेवली. शिवाय स्वतः होऊन सांगितलं, की परण्याच्या वेळच्या लांब ओळी मी घेतो, तुम्ही रोजेवाले फक्त मुखडा धरा. बदली माणसं आणावी लागली नाहीत. त्या महिन्यात बँड खरं तर तोच चालवत होता. तोवर ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं, इतकंच.

बोलून दाखवायची वेळ त्याच वर्षी दिवाळीनंतर आली. आमच्या दुसऱ्या मास्तरांचे पुढचे दात पडले. क्लॅरिनेट खालचा ओठ दातांवर दुमडून वाजवतात. दात गेले की सूर धरत नाही, हवा नुसती गळते. त्यांनी कवळी लावून बघितली, ती वरातीतच हलली. तुळशीच्या लग्नाआधी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "देखो बा, दात गये, फूँक गयी. अब दूसरा देखो."

त्यांचा मुलगा आमच्यात सेकंड क्लॅरिनेटला होता. चांगलं वाजवतो. मालकाच्या मनात तोच. वर, क्लॅरिनेट सोडून ट्रंपेटवाला मास्तर झाल्याचं आमच्या बँडात कधी घडलेलं नव्हतं. आणि जी गोष्ट मोठ्यानं बोलायची नव्हती तीही एकानं बोलून टाकली, की बँड मुसलमानाचा म्हणून ओळखला जातो, पुढं मातंगाचा पोरगा उलटा चालणार का? ट्रंपेटवाला तिथंच बसला होता. त्यानं बशीतला चहा संपवला.

मास्तरांनी त्या दिवशी एक केलं. प्रत्येकाला विचारलं, पण सुरुवात खुळखुळा वाजवणाऱ्या पोरापासून केली. ते पोर तेव्हा सोळा-सतरा वर्षांचं. थोरल्यांनी आधी बोललं की धाकटे माना डोलावतात, म्हणून धाकट्यानं आधी बोलायचं. पोरानं मुलाचं नाव घेतलं नाही की ट्रंपेटवाल्याचंही. त्यानं विचारलं, "चुकल्यावर कोण ओरडत नाही?" सगळे हसले. पुढं बोलणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं आणि उत्तर एकच होतं. शेवटी मास्तरांच्या मुलाची पाळी आली. तो म्हणाला, "मला मागं बघून चालता येत नाही. अब्बांना विचारा." मास्तरांनी कोटाच्या खिशातली शिट्टी काढून ट्रंपेटवाल्यासमोर ठेवली.

मग लगेच २०२० चा मार्च. टाळेबंदीबद्दल फार काय लिहायचं, सगळ्यांचं सारखंच गेलं. पुढच्या एप्रिलात सरकारनं लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी दिली, तेव्हा त्या पंचविसांत चौदा बँडवाले कोण घेणार? चाचांनी भाजीची गाडी लावली, ढोलवाला वीटभट्टीवर गेला. मालक युफोनियम पितळेच्या भावात मोडीत घालायला निघाले होते. नव्या मास्तरानं ते आपल्या घरी आणून ठेवलं आणि मालकाला हप्त्यानं पैसे दिले. म्हणजे आता एका वाद्यापुरता मास्तर मालकही आहे. यातून पुढं काय निघेल ते सांगता येत नाही.

त्याची खरी परीक्षा पुढं एका मिरवणुकीत झाली. गाव सांगत नाही, मंडळ सांगत नाही. आमचा जुना नियम आहे. मशिदीत नमाज चालू असेल, देवळात आरती चालू असेल, दवाखाना असेल किंवा दारात मयत असेल, तर पन्नास पावलं आधी सूर बंद. त्यात धर्माचं काही नाही. पलटणवाल्या मास्तरांनी चारही एका दमात सांगितले होते. मशिदीवरून वाद्यं नेण्याचा वाद या मुलखात सव्वाशे वर्षांहून जुना. त्यात दोन्ही बाजूंचं सगळे बोलतात, वाजवणाऱ्याचं कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी मगरिबची वेळ झाली होती आणि पुढं चाललेली पोरं 'इथंच वाजवा' म्हणून अडून बसली. पोलीस होते, पण लांब. आमच्यातले आठजण मास्तराकडं बघत होते. आम्ही थांबलो असतो तर 'हे थांबणारच' म्हणाले असते. वाजवलं असतं तर घरी तोंड दाखवायची चोरी.

मास्तरानं कुणाला विचारलं नाही. ट्रंपेट खाली घेतली, कोपर अंगाशी लावून हात मुठीत बंद केला. म्हणजे पूर्ण बंद. ढोलाचीही थाप नाही. एक पोरगं अंगावर आलं, "तू तर आपला ना रे?" मास्तर म्हणाला, "मी बँडाचा." आणि उलटा चालायचा तो सरळ होऊन पुढं चालू लागला. आम्ही मागून. बुटांचा आवाज तेवढा होता. पन्नास पावलं पलीकडं गेल्यावर तो वळला आणि क्लॅरिनेटला इशारा केला. विसार सोडून बाकीचे पैसे मंडळानं बुडवले. मालक त्याला काही बोलले नाहीत. एरवी बुडीत पैशावरून ते आठवडाभर बोलतात.

आता धंद्यावर डीजे बसलाय. रात्री दहानंतर बंद, हा नियम २००० सालापासून त्यांनाही आहे आणि आम्हालाही. पण दहाच्या आत जे काही असतं ते त्यांचंच. गेल्या सीझनला एक ऑर्डर आली, मोठी. त्यांचं म्हणणं, कोट घालून डीजेच्या गाडीपुढं रांगेत चाला, वाद्यं तोंडाला लावा, फोटो छान येतात. वाजवू नका. पैसे पूर्ण.

मास्तरानं बैठक बोलावली. मालकालाही बोलावलं. खुळखुळेवाला आता पोर राहिलेला नाही, त्याचं लग्न झालंय. पण सगळ्यात धाकटा अजून तोच, म्हणून आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, मला चालेल, घरात गरज आहे. ढोलवाला म्हणाला, न मारता हात हलवायला मला जमणार नाही, पडेलच एखादी थाप. चाचा म्हणाले, नुसते गाल फुगवायचे तर तेवढ्यासाठी कोट कशाला, मी घरीच फुगवतो. मालकानं हप्त्यांची वही काढून दाखवली. मास्तरांच्या मुलानं विचारलं, उद्या यांनी दरवर्षी असंच मागितलं तर रियाज कशाला करायचा? हळूहळू आठ विरुद्ध सहा झालं. मास्तर सहांत होता. त्याला त्या पैशांतून युफोनियमचा शेवटचा हप्ता फेडायचा होता.

त्यानं पुन्हा एकदा सगळ्यांकडं बघितलं, मोजलं आणि विसाराचं पाकीट मालकाकडून मागून घेतलं. "मीच देऊन येतो," म्हणाला. खुळखुळेवाल्याला त्यानं सोबत घेतलं. जाताना दोघं मोटारसायकलवर काही बोलत नव्हते, एवढं आम्ही दारातून पाहिलं.