माळव्यातले माळवे

ग्रामीण मराठीत भाजीपाल्याला माळवे म्हणतात. आम्हा इंदूरकरांचा तर प्रदेशच माळवा. समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीच्या या पठाराची गार रात्र ‘शब-ए-मालवा’ म्हणून ख्यात आहे. लेट्यूससारख्या थंड हवेच्या पाहुण्याला येथे आसरा मिळतो तो या रात्रींमुळेच.

मात्र चैत्रात पेरून निराश होणाऱ्यांनी दोष भूमीला देऊ नये. उष्णतामान 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले की बी बहुधा निद्रिस्तच राहते. उगवलेल्या रोपाला अकाली दांडा फुटतो, पाने चिकाने कडू होतात. म्हणून ऑक्टोबरअखेर, रात्री निवू लागल्या की पेरावे. बियांना उजेड हवा. वर मातीचा पातळ थरच पुरे. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, यास्तव वाफा उंच करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. महिन्याभराने रोपे वीतभर अंतरावर लावावीत. गड्डा धरणाऱ्या जातींपेक्षा सुट्या पानांच्या जाती बऱ्या. बाहेरची पाने खुडत गेल्यास माघापर्यंत कोशिंबीर होते. फाल्गुनात ऊन चढताच वाफा मोकळा करावा.

परमुलखातून येऊन येथे रुजणे आमच्या पूर्वजांनाही साधले. या भूमीचे ऋतू त्यांनी मानले म्हणूनच.