शेवटची वीस पावलं

मुलांनो, आज एका कोड्यापासून सुरुवात करू. एक प्रवासी आहे. बडोद्याहून निघतो आणि नद्या, डोंगर, शहरं ओलांडून डोळ्याचं पातं लवायच्या आत साताऱ्यात आमच्या दारी हजर होतो. पण दारापासून मागच्या खोलीपर्यंतची वीस पावलं मात्र त्याला जड जातात. ओळखा पाहू!

तो प्रवासी म्हणजे व्हिडिओ कॉलवरचं चित्र. मागच्या खोलीत माझी आई असते. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला फारसं चालता येत नाही. तिची थोरली बहीण बडोद्याला. दोघींनी ऐंशी ओलांडली आहे. मावशीला ऐकू जवळजवळ येत नाही. ती समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेते. म्हणजे बघा, आवाज तुटला तर तिचं फार अडत नाही. पण पडद्यावर आईचा चेहरा थिजला, की मावशीला काहीच कळेनासं होतं. ती नुसती हात हलवत बसते आणि मग फोन ठेवून देते.

खरं तर घरात नवीकोरी फायबरची जोडणी होती. मग घोडं अडलं कुठे? ते शोधलं माझ्या भाचीनं. ती आठवीत आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती. पण तिची गोष्ट सांगण्याआधी या फायबरची गंमत ऐका.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्याच्या ज्या मधल्या भागातून प्रकाश धावतो, तो आपल्या केसापेक्षाही बारीक असतो. आत शिरलेला प्रकाश काचेच्या कडेवर आपटतो, पण बाहेर न पडता पुन्हा आतच वळतो. असा आपटत, वळत तो एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १९५४ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे, बरं का! पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी सांगितलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरदूर पाठवता येईल. त्याबद्दल त्यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

हा तंतू घरात एका लहानशा पेटीत येतो. ती पेटी प्रकाशाचे विजेचे संदेश करते. तिथून एक वायर राउटरला जाते आणि राउटर त्या संदेशांच्या रेडिओ लहरी करून घरभर पसरवतो. काही घरांत या दोन्ही पेट्या एकातच असतात.

आता या लहरींचं कसं असतं, तर भिंत आली की त्या थोड्या दमतात. लाकडी दार त्यांना फारसं अडवत नाही, पण दगड, काँक्रीट आणि पाणी बरंच अडवतं. लोखंडी कपाट तर त्यांना चक्क परत पाठवतं. आमचं घर जुनं, भिंती दगडामातीच्या आणि हातभर रुंद. राउटर बसवला होता दाराशी, कारण फायबर तिथून आत आलं होतं. जोडणी करायला आलेला तरुण घाईत होता. जवळच सॉकेट दिसलं, तिथेच त्यानं राउटर ठेवला, कपाटाच्या आडोशाला.

भाचीनं आधी एक वही घेतली आणि घराचा नकाशा काढला. "मामा, आधी वायरमध्येच दोष आहे का ते बघू," ती म्हणाली. मला ते पटलं. आम्ही लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडला आणि वेग मोजला. ९२ एमबीपीएस! आमची जोडणी १०० ची, म्हणजे कंपनीचा माल दारापर्यंत नीट पोचत होता. मग ती फोन घेऊन खोलीखोलीत उभी राहिली. बाहेरच्या खोलीत ६८, मधल्या खोलीत २१, आणि आजीच्या उशाशी जेमतेम १!

"चोर सापडला," ती म्हणाली. "चोर बाहेर नाही, घरातच आहे. आपल्या भिंती!"

उपाय काय? भिंती काही पाडता येत नव्हत्या. पण राउटर हलवता येत होता. आम्ही पंधरा मीटर लांबीची लॅन वायर आणली. तिचं एक टोक दाराशी असलेल्या प्रकाशाच्या पेटीत आणि दुसरं राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेत खोचलं. ही खाच बहुतेक वेळा इतरांपेक्षा वेगळ्या रंगाची असते. वायर भिंतीच्या कडेकडेनं खिळ्यांवर नेली आणि राउटर मधल्या खोलीतल्या उंच फळीवर, मोकळ्यावर ठेवला. फायबरला मात्र आम्ही हात लावला नाही. तो तंतू करकचून वाकवला तर प्रकाश बाहेर सांडतो, काच मोडतेही. आणि त्याच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

एक गोष्ट अजून बाकी होती. राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडत होता, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पाचवाल्या वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणाऱ्या. दुसऱ्या सावकाश, पण चिवट. ससा आणि कासवच म्हणा ना! भाचीनं आजीचा फोन कासवाच्या नावाला जोडून दिला. आता उशाशी वेग आला १८. व्हिडिओ कॉलला दोन-तीनही पुरतात.

त्याच बैठकीत पासवर्डही बदलला. राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो. राउटरला जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला, की राउटरचं पान उघडतं. तिथे दोन कुलपं असतात. एक वाय-फायचं आणि दुसरं खुद्द त्या पानाचं. दुसरं अनेक जण बदलतच नाहीत, म्हणजे तिजोरीला किल्ली लटकलेलीच! भाचीनं दोन्ही बदलली. पासवर्ड लांब हवा आणि सहज ओळखता येऊ नये, म्हणून तिनं आजीला एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द विचारले. आजीनं काय सांगितले ते मी सांगणार नाही, पण हसून हसून आमची पुरेवाट झाली.

संध्याकाळी बडोद्याचा फोन लागला. आई एक वाक्य बोलली आणि पलीकडून मावशीनं लगेच उत्तर दिलं, "लोणचं नव्हे गं, मुरंबा!" काय विषय होता कोण जाणे. दोघी पाऊण तास बोलत होत्या.

तुमच्याही घरात "नेट चालत नाही" अशी ओरड असेल, तर लगेच कंपनीच्या नावानं बोटं मोडू नका. घराचा नकाशा काढा. आधी वायरनं वेग मोजा, मग प्रत्येक खोलीत मोजा आणि आकडे लिहून ठेवा. वायरवरच वेग कमी निघाला, तर खुशाल तक्रार करा. वही हाती असेल तर तुमचं म्हणणं ठामपणे मांडता येईल. नाही तर आई-बाबांना विचारून राउटर हलवून बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशानं काम झालं ते कधीच कळत नाही. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हेच करतात. तुम्हाला त्यासाठी एक वही, एक पेन्सिल आणि थोडी चिकाटी पुरेल.